पाचपैकी पाच

दाजी, तुम्ही खोटं लिहिलंत.

तेरावं झालं, पाहुणे गेले, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, आणि आता मी तुमच्याशी भांडायला बसलो आहे. तुमच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ येऊन गेले. कंपनीतले आले, सोसायटीतले आले, तुमच्या गावाकडचे तर दोन गाड्या करून आले. 'देवमाणूस' हा शब्द मी या दिवसांत इतक्यांदा ऐकला की शेवटी शेवटी कुणी तोंड उघडायच्या आत मी उठून गच्चीवर जायला लागलो. त्यांचं बोलून झालं. आता माझं ऐका. "पाव्हणं, जरा थांबा," म्हणून मला मध्येच गप्प करायची तुम्हाला सवय होती. ती सोय आता राहिलेली नाही.

परवा अक्कानं तुमची पिशवी माझ्यापुढे ठेवली. केंद्रातून आणल्यापासून ती दाराआड तशीच पडून होती. "तूच काढ. माझ्यानं न्हाई व्हायचं," म्हणाली आणि आत गेली. दोन टॉवेल, तीन पायजमे, चष्म्याचं घर आणि खिशात मावणारी एक डायरी. कंपनीला टूल पुरवणारे दिवाळीला वाटतात तसली. तुमच्या सदऱ्याच्या खिशात तसली एक मी तीस वर्षं पाहत आलो आहे. कुणाला कळवायचं राहिलंय का, एखादा फोन नंबर सापडतो का, म्हणून उघडली. नंबर नव्हते. तुमचं ते सरळ, एकसारखं अक्षर होतं.

"सकाळी मन १. चष्मा लावला. समुद्र. मान फार दुखली. काढल्यावर मन १. मॅडमना ५ दिले."

पुढचं पान तसंच. त्याच्या पुढचं: "मन २. डोंगर. मळमळलं. नंतर १. मॅडमना ५." असं पान उलटत गेलो. एका पानावर फक्त एवढंच होतं: "आज पाव्हणं आले. हसलो."

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण मला सगळं एकदा नीट मांडून बघायचं आहे. मोशीच्या पुढे, नदीच्या अंगाला ते केंद्र. आता बरं होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेली माणसं तिथे ठेवतात, शेवटचे दिवस सुखाचे जावेत म्हणून. तुमचा कॅन्सर पोटातून हाडांत उतरला होता. तिथे व्हीआरचा एक प्रकल्प चालू होता. रोज पंधरा मिनिटं डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवायचा, आत समुद्र दिसतो, डोंगर दिसतो, मान वळवाल तिकडे तो समुद्र पसरलेला असतो. चष्मा लावण्याआधी आणि काढल्यावर एक कागद भरायचा. कागदावर पाच चेहरे. पहिला रडका, पाचवा हसरा. 'तुमचं मन आत्ता कसं आहे?' एवढाच प्रश्न. हे सगळं बघायला पाटसकर मॅडम होत्या. आधी शाळेत होत्या, पन्नाशीनंतर समुपदेशनाचा कोर्स करून इथे करारावर आल्या. प्रत्येकाच्या खाटेशी स्टूल ओढून बसायच्या आणि घाई करायच्या नाहीत.

त्या कागदांवर तुम्ही चष्मा काढल्यानंतरचा चेहरा रोज पाचवा दाखवलात. एकही दिवस चुकला नाही. आधीचा मात्र कधी दुसरा, कधी तिसरा, कधी चौथा. सगळे आकडे सारखे आले की ऑडिटरला वास येतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत.

आणि हे कुणी करावं? तुम्ही! कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला बसून ज्यांनी अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या खोट्या चेकशीट पकडल्या, त्यांनी!

तो पिस्टनचा लॉट आठवतो ना? मी लाइनवर सुपरवायझर होऊन वर्षही झालं नव्हतं. दर तासाला पाच नग मोजून माप लिहायचं असतं. त्या दिवशी मशीन दोनदा बंद पडलं, माणसं कमी, गाडी दारात उभी. मी शिफ्ट सुटताना बसून आठ तासांची मापं एका बैठकीत भरली. तुम्ही चेकशीट हातात घेतली, नुसती बघितली आणि लॉट अडवला. सख्ख्या मेहुण्याचा लॉट. वर म्हणालात, "मोजलं न्हाई तर रिकामं सोड. रिकाम्या रकान्याला मी काय बी बोलणार न्हाई. पर हे न्हाई चालायचं." साहेबांनी मला सगळ्या लाइनसमोर झापलं. मी तेव्हा तुमच्याच घरात राहत होतो, तुमच्याच ताटाशेजारी माझं ताट. पंधरा दिवस मी तुमच्याशी बोललो नाही. अक्का मध्ये बसून, "त्यांना इचार भाजी हवी का," "त्याला सांग बस चुकंल," असे आपल्या दोघांचे निरोप पोचवून वैतागली आणि शेवटी एका सकाळी दोघांनाही डबा न देता देवळात निघून गेली. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये एका टेबलावर बसून आपण गुपचूप एकाच ताटातला भात खाल्ला. पण भांडण मिटलं असं मी कधी मानलं नाही. माझं म्हणणं होतं, नग चांगले होते, नुसती मापं घेतली नव्हती, मग बिघडलं काय? तुमचं म्हणणं होतं, नग चांगले होते हे तुला कळलं कसं? पुढची वीस-पंचवीस वर्षं लग्नात, बारशात, कुठेही आपण हा वाद उकरून काढायचो. शेवटचं बोलणं तुमचंच असायचं.

आता सांगा, तुम्हाला बरं वाटत नव्हतं हे मला कळणार कसं होतं?

मी तुम्हाला तिथे नेलं, हे तर खरंच. तुम्ही नको म्हणत होतात. चिंचवडच्या घरी, खिडकीजवळच्या त्या पलंगावर पडून म्हणालात, "हितंच बरं हाय की, पाव्हणं." एकदाच म्हणालात. तुम्ही कुठलीही गोष्ट एकदाच म्हणायचात आणि मी ती नेहमी दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत थांबायचो. मी तुम्हाला समजावलं. आमच्या कंपनीत आग विझवायच्या सेफ्टी ट्रेनिंगला तसाच व्हीआरचा चष्मा आणलाय, पोरं कशी रमतात त्यात, हे मी हात हलवून हलवून सांगितलं. तिथे नर्स आहेत, डॉक्टर आहेत, मन रमवायची सोय आहे, इथे अक्काची किती ओढाताण होते. सगळं खरं होतं. मी फक्त तुमचा होकार यायच्या आधीच गाडी सांगून ठेवली होती.

पहिल्या दिवशी चष्मा चढवल्यावर तुम्ही समुद्रात बसून विचारलंत, "मॅडम, ह्यात आग विझवायचा सिलिंडर कुठं ठेवलाय?" पाटसकर मॅडम हसून हसून लाल झाल्या. शेजारच्या खाटेवरचे काका, ज्यांनी जन्मभर टेम्पो चालवला, त्यांनी उठून बसून विचारलं की यात घाट आहे का. त्यांना घाट दाखवला. वळणावळणाला काका हवेत हात फिरवत होते आणि चष्मा काढला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड हसत होतं. ते खोटं नव्हतं, दाजी. मी जवळ उभा होतो. काकांना दुसऱ्या दिवशी सकाळपासून घाटाची वाट बघताना मी पाहिलंय. म्हणून तर मला शंका आली नाही. एकाला गुण येतो तर दुसऱ्यालाही येणारच, असं मी धरून चाललो.

आणि मग मी काय करायला लागलो, तेही सांगून टाकतो. अक्का तर तिथे दिवसरात्र तुमच्यापाशीच असायची; मी ड्युटी सुटली की चाकणवरून मोटारसायकलने यायचो, तुमच्या खाटेला अडकवलेल्या फायलीतला त्या दिवशीचा कागद काढायचो, मोबाइलवर त्याचा फोटो घ्यायचो आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचो. "दाजी आज एकदम मजेत." खाली अंगठे यायचे, हात जोडलेले यायचे. "तू किती करतोस रे," असं मावशीनं लिहिलं होतं. ते मी दोनदा वाचलं. मला बरं वाटायचं. घरी जाऊन नीट जेवायचो. पुढे पुढे तर शिफ्टनंतर थांबावं लागलं की पाटसकर मॅडमना फोन करून आकडा तेवढा विचारून घ्यायचो. पाच म्हटल्या की मग त्या दिवशी यायचं राहिलं तरी चालायचं.

डॉक्टरही तेच बघायचे. "मूड छान आहे, तक्रार काही नाही, औषध तेवढंच ठेवू," असं माझ्यासमोर म्हणाले होते. मी मान डोलावली.

तुमच्या डायरीतल्या त्या 'मॅडमना ५'वर मी परवापासून अडलो आहे. आधी वाटलं, तुम्ही हट्टानं खोटं लिहिलंत. मग लक्षात आलं की तुमच्या लेखी ते खोटं नव्हतंच. कंपनीत ट्रेनिंगला बाहेरचा माणूस यायचा, दोन तास काहीतरी सांगायचा, शेवटी फीडबॅकचा कागद फिरायचा. आपण सगळे न वाचता पाचपैकी पाच द्यायचो. तुम्हीसुद्धा! मी एकदा चिडवलंही होतं, आता कुठे गेलं तुमचं मोजमाप? तुम्ही म्हणालात, "आरं, पार्टाला मार्क देताना खोटं नको. माणसाला देताना चालतंय. त्याचं पोट असतंय त्याच्यावर." तुम्ही तो पाच चेहऱ्यांचा कागद असाच वाचलात. तो तुमचं मन मोजायला होता, आणि तुम्ही त्यावर पाटसकर मॅडमना मार्क देत बसलात. बाई चांगली आहे, स्टूल ओढून बसते, करार वाढायचा आहे तिचा. द्या पाच. खरं माप तेवढं डायरीत. तपासणीचा नग म्हणून आपण स्वतःच टेबलावर पडलोय, हे तुमच्या ध्यानातच आलं नाही.

हे कळल्यावर मला हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू. मग तुमचा भयंकर राग आला. चाळीस वर्षं कारखान्यात राहून तुम्हाला प्रश्न वाचता येऊ नये? 'तुमचं मन' असं मराठीत लिहिलं होतं! आणि दुखत होतं तर ओरडायचं होतं. शेजारचे काका ओरडायचे, शिव्या द्यायचे, त्यांना लगेच इंजेक्शन मिळायचं. तुम्ही मात्र शहाण्यासारखे पडून राहिलात. शहाणपणाचं बक्षीस कुणी देतं का तिथे?

तुमच्यावर नुसतं रागावताही येत नाही, हीच तर पंचाईत आहे. गावाहून पत्र्याची पेटी घेऊन मी तुमच्या दोन खोल्यांत आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. नोकरीला लावायच्या आधी तुम्ही मला घरातच व्हर्निअर धरायला शिकवलंत. मोजायला काही नव्हतं, म्हणून अक्काच्या भाकरी मोजायला घेतल्या. कडेला एवढी, मध्ये एवढी, ही रिजेक्ट. अक्का उलथणं घेऊन आपल्या मागे जिन्यापर्यंत आली होती. पहिल्या पगाराच्या दिवशी तुम्ही मला काही उपदेश केला नाहीत, रसवंतीवर नेऊन दोन ग्लास रस पाजलात. माझे वडील मला जे देऊ शकले नाहीत ते सगळं तुम्ही दिलंत, आणि हे मी तुम्हाला कधीच बोललो नाही. मेहुण्यानं दाजीला असं काही बोलायची आपल्याकडे रीत नाही, असं म्हणून मी टाळत राहिलो. केंद्रात बोलणार होतो. तिथे रोज कागद बघण्यातच वेळ गेला.

काल पाटसकर मॅडमचा फोन आला. त्यांनी एक फॉर्म पाठवला होता, नातेवाइकांसाठीचा. प्रकल्प पुढे चालू ठेवायचा की नाही हे त्यावर ठरेल म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे तुमच्या दाजींचेच आकडे सगळ्यात चांगले होते हो." मी डायरीबद्दल काही बोललो नाही.

फॉर्म छापून आणला. 'शेवटच्या दिवसांत रुग्णाला मानसिक समाधान मिळालं असं तुम्हाला वाटतं का?' पुढे एक ते पाच. खाली जवळच्या नातेवाइकाची सही, म्हणजे अक्काची. डायरी मी माझ्या कपाटात, कपड्यांखाली ठेवली होती. तुम्ही आनंदात गेलात, एवढ्या एकाच गोष्टीवर अक्का उभी आहे असं मला वाटत होतं. ती मी काढून घ्यायची? आणि खरं लिहून टेम्पोवाल्या काकांचा घाट बंद पाडायचा? मी ठरवलं, पाच लिहायचे आणि सही घ्यायची. मला सवय आहे. एका बैठकीत आठ तासांची मापं भरलेला माणूस मी.

अक्का खाली बसून मेथी निवडत होती. मी पेन उघडलं.

"कसला कागुद हाय?"

"केंद्राचा. त्यांना समाधान मिळालं का, असं विचारलंय."

"मग तू काय लिवतोयस?"

"पाच."

तिचा हात थांबला नाही. "कशापायी पाच? त्या चष्म्याच्या वझ्यानं मान धरायची त्यांची. रोज संध्याकाळी तू गेलास की तेल लावून चोळायची मी, तवा कुठं इकडची तिकडं व्हायची."

मी विचारलं, तुला माहीत होतं?

"मला म्हाईत नसायला मी काय परकी हाय?" आता तिनं मेथी बाजूला सारली. "सिस्टरला सांगितलं की मी. तिनं मलाच कागुद दाखिवला. म्हणली, मावशी, ते तर सोताच हसरं तोंड दावत्यात, तुमाला उगं वाटतंय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली. म्हणले, पाव्हण्यानं हौसेनं आणलंय, सगळ्यांस्नी फोटू धाडतोय. त्याचं मन मोडू नगस."

दाजी, तुमची डायरी मी तिच्यापासून लपवत होतो. तुम्ही दोघं मिळून इतके दिवस माझ्यापासून लपवत होतात. तरी गप्प बसणं मला जमत नाही. म्हणालो, "पण मी रोज विचारायचो की त्यांना."

"इचारायचास," अक्का म्हणाली. "दारातनं आत आलास की इचारायचास, दाजी, आज किती दिले?"



मी प्रश्नापुढे पाचाऐवजी एक लिहिलं. खाली 'आणखी काही सांगायचं असल्यास' अशी चार ओळींची जागा होती. तिथे लिहिलं की मॅडम फार चांगल्या आहेत, शेजारच्या काकांना चष्म्याचा खरोखर उपयोग होतो, त्यांचा बंद करू नका, पण माणसाला कागद बाजूला ठेवूनही विचारत चला. मग शेवटच्या ओळीत लिहिलं, रुग्णाला घरीच राहायचं होतं, नातेवाइकांनी तिथे नेलं.

अक्कानं कागद हातात घेतला. एकेका अक्षराखाली बोट धरून तिनं सगळं वाचलं, आणि बोट शेवटच्या ओळीवर ठेवून मला विचारलं, "नातेवाइकांनी, म्हंजी कुणी?"

मी तो शब्द खोडला आणि तिथे माझं नाव लिहिलं. मग तिनं सही केली.